पाथरवाडीच्या दरडीची पाचवी सही

पाथरवाडीवर कोसळलेली दरड जमिनीपासून अडीच पुरुष उंचीवर येऊन थांबली होती, कारण तिच्या पंचनाम्यावर पाचव्या पंचाची सही व्हायची राहिली होती.

ऋजुता सबनीसला हे कुणी सांगितलं नव्हतं. आपत्तीची जोखीम आधीच कमी करायची तर पैसा कुठून आणि कसा उभा करायचा, हे जपानमध्ये दोन वर्षं शिकून ती परत आली, तेव्हा तिची कल्पना वेगळी होती. डोंगराला भेग पडलेली असेल, लोक बेफिकीर असतील, तलाठी टाळाटाळ करेल आणि सगळ्यांना गदागदा हलवून जागं करावं लागेल. त्यासाठी तिने बत्तीस स्लाइड तयार ठेवल्या होत्या. प्रत्यक्षात तिला भेटली ती कमालीची जागरूक माणसं. वाडीतली दोनशे तेरा माणसं दिवसातून निदान दहा वेळा मान वर करून बघत होती.

वर शेकडो ट्रक माती होती, हत्तीएवढे धोंडे होते आणि त्यांच्यात मुळांसकट उपटून आलेलं एक आंब्याचं झाड होतं. खाली एक्केचाळीस घरं होती. झाडाला दरवर्षी मोहर येई आणि आंबे रीतसर खाली पडत, कारण आंब्यांचा पंचनामा झालेला नव्हता. एका लोंबत्या मुळाला बायकांनी कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. दरडीला वाडीत ‘जावई’ म्हणत. न कळवता आले होते, परत जायचं नाव काढत नव्हते आणि पाय कधी आपटतील याचा नेम नव्हता.

“अकरा वर्षं झाली, मॅडम,” बिरामणे भाऊसाहेब म्हणाले. ते सध्याचे तलाठी. “माझ्या आधीचे भाऊसाहेब निवृत्तीला आले होते. मागाहून धावपळ नको म्हणून त्यांनी धोक्याच्या गावांचे पंचनामे पावसाआधीच लिहून ठेवले. सोमवारी इथे चार पंचांच्या सह्या झाल्या. बुधवारी दरड सुटली. आली, आली, आणि थांबली.”

“पण थांबली का?”

भाऊसाहेबांनी तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं. “कागद अपुरा असताना घटना पुरी कशी होईल?”

ऋजुताने ते वहीत टिपून घेतलं. स्थानिकांच्या ज्ञानाचा आदर करायचा, असं तिला शिकवलं होतं.

“मग लोक दुसरीकडे का जात नाहीत?”

“जो गेला तो बाधित नाही. बाधित नाही तर भरपाई नाही. म्हणून कुणी जात नाही.”

अडचण खरं तर साधी होती. आपत्ती टाळण्यासाठीचा निधी अजून सुरू न झालेल्या आपत्तीला मिळे. मदतीचा निधी पूर्ण झालेल्या आपत्तीला मिळे. पाथरवाडीची आपत्ती सुरू झालेली होती आणि पूर्ण झालेली नव्हती, त्यामुळे ती दोन्हींकडून उपाशी होती. ऋजुताने यावर भागीदारी सुचवली. निम्मा वाटा सरकारचा, निम्मा वज्रकाया सिमेंट या कंपनीचा. त्यातून डोंगराच्या उरलेल्या अंगाला जाळी, पायथ्याला भिंत आणि पलीकडच्या माळावर नवी वाडी. एकच अट होती. आधीचं प्रकरण बंद झालेलं पाहिजे.

कंपनीतर्फे पार्थ लुंकड आले. सामाजिक कामाचा विभाग ते बघत. त्यांनी दरडीखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

“कन्सेप्ट खूप स्ट्राँग आहे,” ते म्हणाले. “आमचा वाटा तयार आहे. सरकारचा आला की त्याच दिवशी आमचा. फक्त एक विचारू का? ती खाली यायच्या आधी तिच्यावर आमचा बोर्ड लावता येईल?”

“खाली आल्यावर तो गाडला जाईल,” ऋजुता म्हणाली.

“म्हणून तर आधी म्हणतोय.”

तर सगळं अडलं होतं ते एका सहीपाशी, आणि सही अडली होती ठकूआत्यापाशी. ठकूबाई ढेबे, वय बहात्तर, दहा शेळ्यांच्या मालकीण, अख्ख्या वाडीची आत्या. पाचव्या पंच त्या. अकरा वर्षांपूर्वी त्या सोमवारी नुकसानीची यादी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “ह्यात माझा शेळ्यांचा गोठा न्हाई. चुकीच्या कागदावर मी अंगठा उठवायची न्हाई.” तालुक्याने गोठा यादीत घातला. त्याला वर्ष लागलं. दुरुस्ती मंजूर झाली त्या दिवशी दरड हातभर खाली सरकली. पुढच्या वर्षी आत्यांनी यादीत राहिलेलं शिवा ढेब्याचं खुराडं पुढे काढलं. त्याच्या पुढच्या वर्षी देवळातली घंटा. वर्षाला एक हरकत, एक दुरुस्ती आणि हातभर दरड. माडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवरून ती अशी अडीच पुरुषांवर आली होती.

ऋजुताला यात अडाणीपणा दिसला नाही. तिला दिसली सदोष माहिती. यादी बिनचूक केली की हरकत राहणार नाही, हरकत गेली की सही होईल, सही झाली की प्रकरण बंद. दरड पडेल त्या तासाभरासाठी लोकांनी माळावर जाऊन उभं राहायचं, बस. तिने कंबर कसली आणि ती कामाला लागली. तीन आठवडे ती घरोघरी फिरली. तिने ड्रोन उडवला. तिने मडकी मोजली, उखळं मोजली, पाळण्याची कडी मोजली. एका कोंबडीने मोजणी चालू असताना अंडं घातलं, तेही तिने नोंदलं. वाडीतली माणसं तिच्या उत्साहावर खूश होती. “बाई, माझ्या सासूचा राग पण लिव्हा,” शिवाची बायको म्हणाली, “लय जागा अडवतोय.”

यादी मंजूर झाली त्या दुपारी दरड एकदम पुरुषभर खाली आली. दोरीवरचे कपडे जमिनीला टेकले. देवळाचा झेंडा काढून आडवा ठेवावा लागला.

“अभिनंदन, मॅडम,” बिरामणे म्हणाले. “अकरा वर्षांत इतकं नीट काम कुणी केलं नव्हतं.”

पाचव्या सहीची सुनावणी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ठरली.

त्या संध्याकाळी बिरामण्यांनी कचेरीच्या कपाटातून मूळ पंचनामा काढून आणला. ऋजुताने आजवर फक्त मालमत्तेची यादी हाताळली होती. आता तिने सगळा कागद पहिल्यांदा वाचला आणि चौथ्या पानावर ती थांबली.

“भाऊसाहेब, हे काय? ‘घटनेच्या वेळी सर्व ग्रामस्थ आपापल्या घरी होते.’”

“होते ना.”

“पण आपण त्यांना माळावर नेणार आहोत!”

“मग पंचनामा खोटा होईल, मॅडम. खोट्या पंचनाम्यावर घटना घडत नाही, आणि घडली नाही तर निधी नाही. सगळं पुन्हा मुळापासून.”

“आणि हे? ‘मनुष्यहानी: सात.’ पडलेलीच नाही ती दरड, तर सात आले कुठून?”

“तालुक्याची तेव्हाची सरासरी होती.”

“खोडा ते.”

“मनुष्यहानी कमी करता येत नाही. संशय येतो.” बिरामण्यांनी चष्मा पुसला. “वाढवायची असेल तर अर्ज आहे.”

ऋजुता तशीच उठली आणि ठकूआत्यांकडे गेली. आत्या अंगणात शेळीची धार काढत होत्या. दरड आता जमिनीपासून दीड पुरुषावर होती, आणि आत्या बसलेल्या असल्याने तेवढी बरी वाटत होती.

“आत्या, तुम्हाला ते सातचं ठाऊक होतं?”

“व्हय. मला वाचाया येत न्हाई, ऐकाया येतं. पैल्याच दिशी ऐकलं.”

“मग सरळ नाही का म्हणाला नाहीत? गोठा, खुराडं, घंटा हे कशाला?”

आत्यांनी धार थांबवली नाही. “बिनकारणी न्हाई म्हटलं की दुसरा पंच नेमत्यात. चूक दावली की दुरुस्ती करत्यात. दुरुस्तीला वरीस लागतं. वर्साला हातभर. मी हिशेबानं चालले हुते, पोरी. अजून तीन चुका राखून ठेवल्या हुत्या. जात्याचा खुंटा, पांडूचं मधाचं पोळं, नि माझा पितळी तांब्या. तू तिन्ही काढल्यास.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुला समदं माहीत हुतं, म्हणून तर पंचाईत झाली.”

ऋजुता दगडावर बसली. बत्तीस स्लाइडपैकी एकही तिला आठवेना. मग ती म्हणाली, “उद्या तुम्ही खोटं सांगा. एक घागर कमी आहे म्हणा.”

“म्या?” आत्या पहिल्यांदाच चिडल्या. “अकरा वर्सं माझ्या सबुदावर तो धोंडा वर हाय. एकदा खोटं बोलले तर तो कशावर ऱ्हायचा? यादी बरुबर असली तर मी उद्या अंगठा उठवनार. जा आता, दूध ऊन हाय तवर पिऊन जा.”

ती दूध प्यायली. मग तालुक्याच्या लॉजवर जाऊन तिने यादी पुन्हा वाचून काढली. सतराशे बावीस नोंदी होत्या. एखादी तरी चूक सापडावी म्हणून तिने जीव टाकला. सगळ्या बरोबर होत्या. आयुष्यात प्रथमच तिला स्वतःच्या कामाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक निर्णय घेतला. सात वाजता लॉजचा हिशेब मिटवला, बाजारातून एक लाल प्लॅस्टिकची बादली घेतली आणि ट्रंक, गादी, भात शिजवायचं जपानी भांडं असा संसार जीपमध्ये घालून ती पाथरवाडीत उतरली.

ठकूआत्या दारातच होत्या. त्यांनी सामानाकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

“दाखवाया आलीस का ऱ्हायला?”

“राहायला. तुमची पडवी भाड्याने द्याल?”

“सातामधी तुझा बी नंबर लागंल.”

“लागेल.”

“भाडं नगं. शेळ्या बघ.” आत्यांनी ट्रंकेचं एक टोक स्वतः उचललं.

अकरा वाजता देवळासमोर सुनावणी भरली. बिरामणे यादी वाचायला लागले. लुंकड खुर्चीवर बसले होते, त्यांचा फोटोग्राफर मागे उभा होता. माणसं आपापल्या दारात बसून ऐकत होती, कारण त्यांनी घरी असणं आवश्यक होतं. एकेक नोंद झाली की आत्या मान डोलवत आणि दरड करकरत केसभर खाली येई. जात्याचा खुंटा, बरोबर. मधाचं पोळं, बरोबर. पितळी तांब्या, बरोबर. आंब्याच्या मुळ्या देवळाच्या कळसाला लागल्या. पांडूच्या आईने नातवाला मांडीवर घट्ट धरलं. बिरामण्यांचा आवाज बसत चालला, तरी ते थांबले नाहीत. दीड वाजता शेवटचं पान आलं.

“एकूण रहिवासी, दोनशे तेरा.”

आत्यांनी शाईच्या पॅडवर ठेवलेला अंगठा उचलला.

“चौदा,” त्या म्हणाल्या. “ही पोर माझ्या पडवीत ऱ्हाती. आनि तिची तांबडी बादली बी यादीत न्हाई.”

करकर थांबली. बिरामण्यांनी ऋजुताकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि पंचनाम्याच्या समासात लिहिलं: ‘हरकत ग्राह्य. दुरुस्तीसाठी परत.’ अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. दरड काही वर गेली नाही. वर जाण्याची तरतूद नव्हती.

“म्हणजे प्रोजेक्ट गेला?” लुंकड उभे राहिले.

“नाही,” ऋजुता म्हणाली. “भागीदारी आजपासून सुरू. सरकारने दरवर्षी यादी बिनचूक करायची. ती झाली, की तालुक्याला मंजुरीसाठी पाठवण्याआधी तुमच्या कंपनीने वाडीत एक नवी वस्तू आणून ठेवायची. यादी पुन्हा अपुरी, म्हणजे मंजुरी नाही आणि दरड जागच्या जागी. सरकारचा वाटा यादी, तुमचा वाटा वस्तू.”

“एक वस्तू? वर्षाला?” लुंकडांनी मनातल्या मनात काहीतरी केलं. जाळी, भिंत आणि नवी वाडी यांच्या निम्म्याशी त्यांनी बादलीची तुलना केली असावी, कारण त्यांचा चेहरा उजळला. “बादलीवर आमचं नाव चालेल?”

“नाव असलेली बादली आणि नाव नसलेली बादली, या दोन वेगळ्या नोंदी होतील,” बिरामणे विचार करून म्हणाले. “दोन वर्षं निघतील.”

“बघा की, भाऊसाब शिकलं,” शिवाची बायको दारातून ओरडली, आणि वाडी अकरा वर्षांत पहिल्यांदा मान वर न करता हसली.

करार त्याच दुपारी झाला. त्यावर पाचही सह्या लागलीच झाल्या. मग ऋजुताने लाल बादलीत पाणी भरलं, प्रवासाचे कपडे धुतले, आणि दोरी आता फारच खाली आली होती म्हणून वाकून वाळत घातले.