चुकांचा धनी

पुंजाजीच्या समोर कोणाची चूक जमिनीवर पडायची सोयच नव्हती. पडायच्या आत तो ती झेलायचा. "माहंच चुकलं बाप्पा," असं म्हणून दोन्ही कानांच्या पाळ्या धरायचा आणि मान खाली घालून असा उभा राहायचा, की रागावणाऱ्यालाच कसंनुसं व्हावं.

एकदा गावातली गुरांना पाणी पाजायची दगडी डोण फुटली. पाटलांनी माणसं चावडीवर जमवली आणि विचारलं, "कोनं फोडली?" पुंजाजी उठून उभा.

"अबे, तू तं काल तेल्हाऱ्याले गेलता ना?"

"होय जी. अथी असतो तं फुटू दिली असती काय? गेलो, तेच चुकलं."

पाटलांनी कपाळाला हात लावला आणि चावडी उठली. डोण खरोखर कोणी फोडली, ते विचारायचं राहूनच गेलं.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नाच्या पंगतीत. वरणात मीठ जास्त झालं होतं. माझे वडील आचाऱ्यावर ओरडत होते, आचारी मीठ देणाऱ्यावर, आणि माझे सासरे सगळ्यांवरच. तेवढ्यात वराकडच्या पंगतीतून एक हाडकुळा माणूस खरकट्या हातानं उभा राहिला. "माहंच चुकलं. पहिला घास म्याच घेतला होता. तवाच बोंबलाले पायजे होतं." पंगत खदखदा हसली. भांडण विरलं आणि लोक खारट वरण ओरपू लागले. माझ्या सासरचा हा कोण नातेवाईक, म्हणून मी पदराआडून विचारलं. नातेवाईक कसला, आमच्या गाड्यांवरचा धुरकरी होता तो. गाडी हाकायचा, ज्याची गाडी त्याच्या घरी जेवायचा, आणि कोणाच्या तरी गोठ्यात झोपायचा.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिका नावाच्या मुलखात लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिथला कापूस अडकल्यामुळे विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. आमच्या गावातल्या एकानंही तो मुलूख पाहिला नव्हता, पण ती लढाई थांबू नये म्हणून मारुतीला नारळ फोडणारे मी पाहिलेत. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्यांच्या घरी कालपर्यंत ज्वारी मोजून शिजायची, ते अमरावतीच्या बाजारातून जरीचे फेटे आणू लागले.

आमच्या गावच्या गाड्या कधी अमरावतीला, कधी अकोल्याला एकत्रच जायच्या. आमचे घरधनी, गाव त्यांना रायभानजी म्हणायचं, ते ह्या गाड्यांचे मोठे. कुठं थांबायचं, कुठं सोडायचं, कोणत्या अडत्याकडे माल घालायचा, ते हेच ठरवायचे. किसनाजी भांडायचा, नाक्यावर, विहिरीवर, भांडण लागलं की त्याला पुढं करायचं. सखाराम हसवायचा. आणि पुंजाजीकडे चुका. चाक रुतलं, पुंजाजी. भाकरी करपली, पुंजाजी. बैल ठेचकाळला तर तो आधी मालकाची माफी मागायचा आणि मग बैलाची. हे कोणी ठरवलं नव्हतं. पण गाड्या जुंपल्या की ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या अंगावर अंगरख्यासारखं चढायचं.

त्या वर्षी माझ्या भावाचं लग्न अकोल्याला होतं, म्हणून मी गाड्यांबरोबर निघाले. कापसाच्या बोऱ्यांवर बसून जाताना ही मंडळी मी पहिल्यांदा जवळून पाहिली. वाटभर हसून हसून पोट दुखलं. अकोटच्या पुढं एका गाडीचं जू मोडलं, तेव्हा किसनाजी सुताराच्या सात पिढ्या उद्धरायला लागला, आणि पुंजाजी म्हणाला, "सुताराले कावून बोलता? हे जू ज्या झाडाचं, त्याच्याखालून मीच कितीदा गेलो असन, पण त्याले नीट वाढ म्हनून कधी सांगतलं नाई."

अकोल्याच्या बाजारात अडत्यानं सगळ्या गाड्यांचे बोरे एकाच ढिगात उतरवले. गाडी कोणतीही असो, माल गावाचा, अशी आजवरची रीत. पण कापसात भेसळ फार वाढल्यामुळे सरकारचा शिपाई आता काट्यापाशी उभा असायचा. अडत्यानं एका बोऱ्याचं तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला तो काळाकुट्ट. आत भिजवून दडपलेला कापूस, आणि मध्ये शेतातली ढेकळं.

"कोनाचा बोरा हाय हा?"

जो तो आपापल्या बैलांकडे पाहू लागला.

"कबूल करा, नाई तं साऱ्या गाड्या परत. आन् पुन्हा या गावचा कापूस या काट्यावर चढनार नाई."

बोलायची गरज कोणाला होती? सगळ्यांच्या नजरा आपसूक एकीकडे वळल्या. किसनाजीची, सखारामची आणि आमच्या ह्यांचीही. पुंजाजी पाळ्या धरून पुढं झालाच होता.

"माहंच चुकलं, मालक."

"तुही गाडी कोनती?"

"मले गाडी नाई जी."

"बोरा?"

"तोबी नाई."

"मंग भेसळ केली कशात?"

"तेच तं. माहा असता तं चांगला भरला असता."

शिपाईसुद्धा हसला. त्यांना खरंखोटं नको होतं, एक डोकं हवं होतं. रीतीप्रमाणे टोपल्यात ती ढेकळं भरली, टोपलं पुंजाजीच्या डोक्यावर ठेवलं आणि बाजारातून फिरवायला डफडंवाला बोलावला. पुंजाजीनं टोपलं अशा सराईतपणे सावरलं, जसा लग्नात कोणी नवरदेवाचा फेटा नीट करावा. बाजार हसला. आमची माणसंही हसली, सुटल्यासारखी.

आणि मी ह्यांच्याकडे पाहिलं. हेही हसत होते.

बोऱ्याचं सोडलेलं तोंड माझ्यासमोर पडलं होतं. ते ज्यानं बांधलं होतं, तो माझ्या अंगावरच्याच लुगड्याचा फाटलेला निळा काठ होता. मीच तो फाडून ह्यांच्या हातात दिला होता, बोऱ्याला दोरी कमी पडली म्हणाले तेव्हा. दोरी कमी पडली होती. बाकी काय भरलं होतं, ते मला कोण सांगणार?

नवऱ्याचं नाव घ्यायची आम्हाला चोरी. चार पुरुषांत तोंड उघडायचं तर लांबच. तरी मी गाडीवरून खाली उतरले, पदर नाकापर्यंत ओढला आणि म्हणाले, "बोरा आमचा आहे. काठ माह्या लुगड्याचा आहे." मग पदराचा काठ पुढं धरला.

डफडं थांबलं. माझा आवाज मलाच परका वाटला. अडत्यानं दोन्ही काठ जुळवून पाहिले. ह्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. शिपाई टोपलं उतरवायला गेला तर पुंजाजी ते सोडीना. "राहू द्या ना, मालक. मले सवय आहे. रायभानभाऊले नाई जमायचं ते." शिपायानं आणि अडत्यानं मिळून ते त्याच्या हातातून ओढून घेतलं.

ह्यांना बाजारभर फिरवलं. खरंच जमलं नाही. टोपलं दोनदा कलंडलं, ढेकळं अंगरख्यावर पडली. ज्या बाजारात लोक वाकून रामराम करायचे, तिथंच. मी गाडीच्या आडोशाला उभी होते. ह्यांची लाज वाटत होती, आणि ती चव्हाट्यावर आणली म्हणून माझीही. त्याच गावात माझं माहेर. तिथं कोणतं तोंड घेऊन जाणार होते मी?

पुढं गाड्या मोर्णा नदीच्या काठी कडुनिंबाखाली सोडल्या. बाकीच्यांचा माल घेतला गेला होता, पण आता मोठा कोण, तेच कळेना, त्यामुळे शिदोऱ्या कधी सोडायच्या हेही ठरेना. अखेर किसनाजीनं आपली सोडली, मग इतरांनी. ह्यांना कोणी हाक मारली नाही. हे चाकाकडे तोंड करून बसले होते.

पुंजाजी माझ्यापाशी आला. त्याला रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"वैनी, तुमी मंधात कावून पडल्या?"

"भाऊजी, तुमचा काही दोष नव्हता."

"दोषाचं कोन म्हनते? रायभानभाऊ मोठे. किसनाजीले लोकं भांडाले नेतात. मले कायले नेतात, सांगा? गाडी तं कोनीबी हाकते." त्यानं केसांतली ढेकळांची माती झटकली. "माय मेली तवा एवढासा होतो. ज्याच्या घरी जेवलो, त्याच्या घरचं फुटलं-सांडलं माह्याच नावावर. आधीच कबूल केलं का मार कमी भेटे, अन् भाकर तेवढीच. मंग तीच जागा झाली माही. तेवढीबी घेतली तुमी."

मी दोन भाकरी आणि पिठलं त्याच्या हातात ठेवलं आणि ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तो समजला.

तो जाऊन ह्यांच्या शेजारी, अंगाला अंग लावून बसला. धुरकरी मालकाच्या इतक्या जवळ कधी बसत नसे.

"पुंजा, घास नाई उतरनार माह्यानं," हे म्हणाले.

"पहिल्या दिवशी नाई उतरत," पुंजाजी म्हणाला, एखाद्याला बैल जुंपायला शिकवावं तशा आवाजात. "घास लहान घ्याचा. वर पानी प्याचं. सारे आपल्याकडंच पाहून राहिले असं वाटते, पन नाई पाहात ते. आपलं जेवतात. पाहा ना."

ह्यांनी मान थोडी वळवली. लोक खरंच जेवत होते.

"मी बसतो ना बाजूले. दोघं असले का एवढं जड नसन लागत."

"नसन?" ह्यांनी विचारलं.

"म्या आजवर एकट्यानंच केलं, भाऊ," पुंजाजी म्हणाला. "पन नसन."

त्यानं भाकरी मोडली, अर्धी ह्यांच्या हातावर ठेवली, आणि हे चावेपर्यंत आपला घास तसाच हातात धरून बसला.