एका हाताचे दोन अर्ज

कागदपत्रांत मला कोणी हरवू शकत नाही, असं मी सगळ्यांना छाती ठोकून सांगायची. कचेरीतून माणसं एका झेरॉक्ससाठी परत फिरतात. मी मात्र रेशनकार्डापासून पोरीच्या लसीच्या कार्डापर्यंत सगळंच जोडते!

राईस मिलच्या पट्ट्यात नवऱ्याचा, हेमराजचा, उजवा हात मनगटापासून गेला तेव्हा पोरगी चार महिन्यांची होती. ती झोपली की मी अर्ज भरायला बसायची. पहिला अर्ज खासगी विमा कंपनीचा. त्यात लिहून द्यायचं होतं की, हा माणूस आता कोणतंच काम करू शकत नाही. दिलं. दुसरा सरकारी, दिव्यांगांना फिरतं दुकान मिळतं त्याचा. त्यात लिहायचं होतं की, अर्जदार स्वतः धंदा चालवू शकतो. तेही दिलं, वळणदार अक्षरात. आणि काही कमी पडायला नको म्हणून प्रत्येक फायलीला दुसऱ्या अर्जाची झेरॉक्स लावली!

महिन्याभरात भंडाऱ्याहून विमावाल्यांचं बोलावणं आलं. पोरीला कडेवर घेऊन गेले. साहेबांनी आधी माझ्या अक्षराचं कौतुक केलं, मग सरकारी अर्जाची झेरॉक्स माझ्याचपुढे सरकवली.

"ताई, नवरा धंदा करू शकते असं तुम्हीच लिहून दिलं ना सरकारले? मंग आम्ही कायचे पैसे द्यायचे?"

दावा नामंजूर.

निदान दुकान तरी मिळेल म्हणून तशीच सरकारी कचेरीत गेले. तिथल्या मॅडमच्या हातात विम्याचा अर्ज होता. कोणतंच काम जमत नाही त्याला दुकान कसं द्यायचं, म्हणाल्या. मी समजावलं, ते विम्यासाठी लिहिलं होतं, तुमच्यासाठी लिहिलेलं वेगळं आहे.

"अन् खरं कोणासाठी लिहिलं, बाई?"

पोरगी रडायला लागली म्हणून बरं. तिला थोपटत मी बाहेर पडले.

घरी आले तर हेमराज पोरीच्या धुतलेल्या झबल्याची तुटकी नाडी सांधत होता, एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात. मी सगळं सांगितलं. त्यानं गाठ आवळली, दातातलं टोक सोडलं.

"म्हणजे विमावाल्यायले मी कामाचा वाटलो, अन् सरकारले बिनकामाचा."

"हो."

"दोघायनं एकमेकायचा कागद खरा धरला. मले त कोनं इचारलंच नाई, तुले काय जमते म्हणून."

विमावाल्यांनी नाही विचारलं, सरकारनं नाही विचारलं. आणि तुमच्यापासून काय लपवायचं, दोन्ही अर्ज भरताना मीही विचारलं नव्हतं.