तीनशेपैकी सतरा

लेबल चालवणारा म्हातारा वारल्याची बातमी रेकॉर्डकीपरला जेवताना कळली. घास हातात होता. त्याने आधी गुणाकार केला आणि मग हळहळ व्यक्त केली.

गुणाकार सोपा होता. लेबल म्हणजे रेकॉर्डी काढणारी कंपनी. पण ही कंपनी म्हणजे दूरदेशीच्या एका गॅरेजात बसणारा एकटा म्हातारा आणि त्याचे टेबल. जगाने विसरून टाकलेल्या जॅझ बँडांच्या जुन्या टेपा तो हुडकून काढायचा, त्यांच्या नव्या रेकॉर्डी छापायचा. प्रत्येकीच्या तीनशेच प्रती. प्रत्येक प्रतीच्या कव्हरवर स्वतःच्या हाताने शाईने आकडा घालायचा : तीनशेपैकी अमुक. अशा तेवीस रेकॉर्डी त्याने काढल्या आणि तेवीसच्या तेवीस रेकॉर्डकीपरकडे होत्या; सगळ्या सतरा नंबरच्या, सगळ्या प्लास्टिकच्या पातळ वेष्टनात, एकही न उघडलेली. आता म्हातारा गेला म्हणजे चोविसावी निघणार नाही. संच पुरा झाला. पुऱ्या संचाला हौशी लोक तिप्पट मोजतात. तीन महिन्यांनी निवृत्ती होती. एका माणसाच्या मरणात त्याला इतका फायदा याआधी कधी झाला नव्हता. सख्ख्या मावशीच्यासुद्धा नाही.

"वाईट झालं," तो म्हणाला.

"कोण गेलं?" बायकोने विचारले.

"ओळखीचे होते एक."

"मग हसताय कशाला?"

त्याने घास तोंडात घातला, म्हणजे उत्तर द्यायला नको.

घरात एकच अडचण होती आणि ती मागच्या खोलीत खोकत होती. थोरला भाऊ, दादा. त्याची फुप्फुसे इतकी गेली होती, की डॉक्टरांनी आता महिने सोडून आठवडे मोजायला घेतले होते. हा दादा तरुणपणी एका हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत असे. अठ्ठ्याहत्तर साली त्या बँडचे एकदाच रेकॉर्डिंग झाले. तिसऱ्या धूनमध्ये सगळे वादक थांबायचे आणि मग ट्रम्पेट आणि पियानो एकदम सुरू व्हायचे, अशी जागा होती. त्या जागी दोघांपैकी एक जण एक मात्रा आधी आला. पियानोवर बँडमास्तर होता. तो म्हणाला, "तू." दादा म्हणाला, "तू." संध्याकाळपर्यंत दादाची नोकरी गेली. टेप डब्यात पडली. दादाने ट्रम्पेट विकला आणि उरलेले आयुष्य एका टायरच्या दुकानात बिले लिहिली. चाळीस-पंचेचाळीस वर्षे घरातल्या प्रत्येकाने ती गोष्ट ऐकली होती आणि गोष्टीच्या शेवटी दादा दर वेळी उशीवर बोटाने ठेका धरून दाखवायचा, "हा मी. आणि हा तो, बघ, कुठे येऊन पडला!"

त्या गॅरेजातल्या म्हाताऱ्याने काढलेली तेविसावी रेकॉर्ड म्हणजे हीच टेप. कव्हरवर मागे, डास बसावा एवढ्या अक्षरात, दादाचे नाव होते.

"एकदा ऐकव," दादा म्हणत होता. "मी जाण्याआधी निकाल लागू दे."

"दादा, सील तोडलं की किंमत निम्मी होते."

"माझी?"

"रेकॉर्डची."

"मग माझी सांगतो. शून्याची निम्मी शून्य. आपलं काही नुकसान नाही."

"आणि वाजवायची कशावर? प्लेअर कुठाय घरात?"

हे मात्र खरे होते. तेवीस रेकॉर्डी जमवणाऱ्या या माणसाकडे रेकॉर्ड वाजवायचे यंत्र नव्हते. त्याला ते लागलेच नव्हते. रविवारी तो कपाट उघडायचा, मऊ फडक्याने वेष्टनावरची धूळ टिपायचा, आकडे तपासायचा आणि कपाट लावायचा. आकडे कुठे जात नव्हते, तरी तपासायचा.

म्हातारा वारल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोने निर्वाणीचे सांगितले.

"उद्या तुम्ही हापिसात गेलात की मी नखानं फाडते ते प्लास्टिक. भाऊजी मरायला टेकलेत आणि तुम्ही त्यांना कपाटाबाहेर उभं करताय."

"प्लास्टिक फाडून ऐकू येणार आहे का?"

"प्लेअर शेजारून मागून आणीन. तुमच्यासारखी लाज नाही वाटत मला मागायला."

बायको बोलते ते करते, हा त्याचा बत्तीस वर्षांचा अनुभव होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तेवीसच्या तेवीस रेकॉर्डी खोक्यात घालून तो कार्यालयात घेऊन गेला. जगात त्यापेक्षा सुरक्षित जागा नव्हती. तो एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्डरूमचा मालक होता. किल्ली त्याच्याकडे, रजिस्टर त्याच्याकडे, आणि तिथे यायला कुणाला हौस नव्हती. हवा कोरडी. उंदरांची व्यवस्था केलेली. त्याने खोके शेवटच्या रॅकवर ठेवले आणि वर जाड पेनने खरे ते लिहिले : रेकॉर्ड.

त्यानंतर दोन दिवसांनी दादाला श्वास लागला आणि त्याला इस्पितळात हलवावे लागले. रेकॉर्डकीपरने सहा दिवसांची रजा टाकली. किल्ली नियमाप्रमाणे शिपायाकडे दिली. हा शिपाई पन्नाशीचा, अतिशय आज्ञाधारक माणूस होता. सगळी पडझड अशाच माणसांच्या हातून होते. कामचुकारांच्या हातून काहीच होत नाही.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी "आता घरीच न्या" असे सांगितले. याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला, दादाला सगळ्यांत आधी. त्याला खाटेवर झोपवून, ऑक्सिजनचे सिलिंडर उशाशी लावून रेकॉर्डकीपर कार्यालयात आला, तर रेकॉर्डरूम लख्ख. फरशी दिसत होती. फरशीचा रंग त्याने अठरा वर्षांत पहिल्यांदा पाहिला.

"हे काय रे?"

"नवीन मॅडमनी साफसफाई काढली, साहेब," शिपाई अभिमानाने म्हणाला. "वीस वर्षांच्या मागचं सगळं रेकॉर्ड नष्ट. तुमचंच परिपत्रक होतं गेल्या वर्षीचं. मॅडम म्हणाल्या, काय सुंदर लिहिलंय!"

"शेवटच्या रॅकवरचं खोकं?"

"तेही झालं."

"झालं म्हणजे?"

"साहेब, मी आधी शंका काढली. पण वर रेकॉर्ड लिहिलेलं. आत बघितलं, तर तेही रेकॉर्डच. साल बघितलं, तर कुठं अठ्ठावन्न, कुठं एकसष्ट, कुठं अठ्ठ्याहत्तर. आता यात शंका कुठं धरायची?"

"अरे, नवीन होत्या त्या! दोन-चार वर्षांत छापलेल्या! साल आतल्या संगीताचं असतं!"

"कलम चार," शिपाई म्हणाला आणि पाठ म्हणून दाखवले. "गठ्ठ्यावर लिहिलेलं साल हेच त्या रेकॉर्डचं साल समजावं, याबाबत पुढे कोणाचं काही ऐकू नये. तुमचंच वाक्य आहे, साहेब."

त्याचेच होते. 'ऐकू नये' हे शब्द त्याला तेव्हा विशेष आवडले होते.

तो खुर्चीत बसला. त्याला पाणी दिले. पाणी पिऊन झाल्यावर शिपायाने कपाटातून फडक्यात बांधलेली एक जड चळत काढून टेबलावर ठेवली.

"कलम सहा. कागद आणि पुठ्ठा कातरायच्या यंत्रात घालावा, कागदेतर वस्तू वेगळ्या काढून परत कराव्यात. त्या या. तेवीस काळ्या थाळ्या. मोजून घ्या आणि इथं सही करा."

म्हणजे कव्हरे गेली होती. शाईचे आकडे गेले होते, वेष्टने गेली होती, दादाचे डासाएवढे नावही गेले होते. उरल्या होत्या त्या नुसत्या रेकॉर्डी, एकमेकींवर उघड्या घासत. हौशी लोकांच्या बाजारात त्यांची किंमत आता थाळ्यांएवढीच होती, आणि थाळीत निदान जेवता येते.

तो सही करत होता तेवढ्यात मॅडमनी बोलावले.

"बसा. काम छान होतं तुमचं, पण हे काय आहे?" त्यांनी यादी पुढे केली. "या खोक्यातल्या प्रत्येक नगावर 'तीनशेपैकी सतरा' असं लिहिलेलं होतं. तीनशेपैकी एक सापडलं. तेवीस प्रकरणांत. म्हणजे सहा हजार आठशे सत्त्याहत्तर रेकॉर्ड गहाळ आहे. रजिस्टरमध्ये नोंदही नाही. कुठंय ते?"

"मॅडम, ते... ते लोकांच्या घरी आहे."

"कुणाच्या?"

"जगभरातल्या. ज्यांना आवड आहे त्यांच्या."

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही कार्यालयाचं रेकॉर्ड जगभर पाठवलंत?"

"मी नाही. एक म्हातारा होता. तो वारला."

"हे सगळं लेखी द्या," मॅडम म्हणाल्या. "तोवर तुमचे पेन्शनचे कागद थांबतील. आणि त्या म्हाताऱ्याचा पत्ता द्या, त्यालाही नोटीस काढावी लागेल."

"वारला म्हणतोय ना, मॅडम."

"मग वारस असतील."

संध्याकाळी तो घरी पोचला, तर त्याच्या मागोमाग शिपाई आला. एका हातात फडक्यातली चळत, दुसऱ्या काखेत एक खोके. त्याच्या आज्ञाधारक जिवाला काहीतरी टोचत होते.

"कर्मचारी क्लबचा जुना प्लेअर आहे," तो बायकोला म्हणाला. "निर्लेखित केलाय, म्हणजे वह्यांतून उडवलाय. पण चालतो."

"माझ्यासारखाच," आतून दादा म्हणाला. "फक्त उलटं. मी वह्यांत आहे, पण चालत नाही."

बायकोने चळतीतून तेविसावी रेकॉर्ड मधल्या गोल चिठ्ठीवरून शोधून काढली, पदराने पुसली आणि नवऱ्याकडे बघितले. तो दारात उभा राहिला. त्याला सुई लावता येत नव्हती. शिपायाने लावली.

आधी खरखर झाली, आणि मग त्या खाटेच्या, औषधांच्या, उकळलेल्या पाण्याच्या वासाच्या खोलीत एक तरणाबांड ट्रम्पेट वाजायला लागला. रेकॉर्डकीपरला दचकायला झाले. आपण इतकी वर्षे कपाटात काय कोंडून ठेवले होते, हे त्याला पहिल्यांदाच कळत होते, आणि कळत होते म्हणजे फक्त एवढेच, की आवाज मोठा आहे.

दादाचे बोट चादरीवर ठेका धरत होते. पहिली धून. दुसरी. तिसरी. सगळे वादक थांबले. बोट वर गेले.

खाली आलेच नाही.

"परत," दादा म्हणाला.

शिपायाने सुई मागे नेली. पुन्हा तेच. दादाचे बोट हवेत.

"परत एकदा."

तिसऱ्यांदा वाजून संपल्यावर दादाने हात चादरीखाली घेतला.

"मीच की," तो म्हणाला.

"काय, भाऊजी?"

"मीच आलो आधी. चांगला एक मात्रा आधी. तो बिचारा बरोबर जागेवर आहे."

"मला तर काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही, दादा," रेकॉर्डकीपर घाईने म्हणाला.

"तुला कसं वाटेल? तू आयुष्यभर आकडे ऐकलेस." दादाला खोकला आला, तो बराच वेळ पुरला. मग तो म्हणाला, "मास्तर गेला तेव्हा त्याच्या मुलानं निरोप धाडला होता. मी म्हटलं, येत नाही. आधी त्याला म्हणावं, माफी माग. मेलेल्या माणसाला म्हणे माफी माग!"

तो हसला. कुणी साथ दिली नाही.

"बंद कर रे ते." आणि मग बायकोकडे बघून, रागाने नाही, जवळजवळ लाडाने तो म्हणाला, "उगाच फोडलीत गं. धाकटा बरोबर सांगत होता. सील तोडलं की किंमत उतरते."

त्यानंतर तो फारसे बोलला नाही. एकदा त्याने टायरच्या दुकानातली बिले लिहून झाली का विचारले, आणि एकदा बायकोला जवळ बोलावून मास्तरच्या मुलाचा पत्ता मिळतो का ते बघायला सांगितले. पत्ता मिळाला त्या संध्याकाळपासून नवव्या दिवशी. दादा आठव्या दिवशी गेला.

चौकशी अजून चालू आहे. गॅरेजातल्या म्हाताऱ्याला पाठवलेली नोटीस 'पत्त्यावर इसम नाही' असा शेरा घेऊन परत आली, तेव्हा मॅडमनी दुसरी पाठवली. रेकॉर्डकीपर निवृत्त झाला, पेन्शनशिवाय. बायको अलीकडे कुणाच्या बंद दाराला, बंद डब्याला किंवा बंद तोंडाला हात लावत नाही. डब्याचे झाकण घट्ट बसले असेल, तर आमटीशिवाय जेवते. शिपायाला वेळेत साफसफाई केल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले, ते त्याने पुठ्ठ्यावर चिकटवून घरात लावले आहे. रेकॉर्डकीपर रविवारी अजूनही कपाट उघडतो, बावीस उघड्या थाळ्यांवरची धूळ टिपतो आणि मोजतो. तेविसावी त्याने दादाबरोबर चितेवर दिली. तीच एक ज्याची होती त्याला पोचली. तिची किंमत दादाने अगोदरच भरली होती.