क्लेगबाई जिवंत आहेत का?

सोमवारी सकाळी साडेसात वाजता विल्फ ओल्ड्रॉइड चहा न घेताच पत्र लिहायला बसले, तेव्हाच त्यांच्या मुलीला कळून चुकलं की आजचा दिवस काही खरा नाही. हेझल दर सोमवारी शेजारच्या गावाहून बापाचं घर आवरायला येत असे. शहाऐंशी वर्षांच्या आयुष्यात बापाने चहाआधी दुसरं काही केल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

कारण आदल्या संध्याकाळी घडलं होतं. इन्स्पेक्टर मार्था क्लेग गेली सात वर्षं टीव्हीवर खुनी पकडत होत्या आणि थॉर्नली ब्रिज हे गाव दर रविवारी त्यांच्यासमोर ठाण मांडून बसत होतं. काल खुन्याने क्लेगबाईंसकट त्यांची गाडी धरणात ढकलली. गाडी बुडाली, चार बुडबुडे वर आले आणि पडद्यावर नावं सरकायला लागली. मग एका बाईने गोड आवाजात जाहीर केलं की पुढचं पर्व दोन वर्षांनी.

"गेली ती!" कुंपणापलीकडून म्यूरिअल पिकर्सगिल ओरडल्या. पन्नास वर्षं शेजारी राहणाऱ्या या बाई विल्फपेक्षा वयाने थोरल्या होत्या आणि आवाजानेही. "मी टीव्हीवर चादर घातलीय. सुतक संपेपर्यंत काढणार नाही."

"गेली नाही!" विल्फ खिडकीतून गरजले. "बुडबुडे आले ना वर? मेलेलं माणूस बुडबुडे काढतं होय?"

"मग सांग, बाहेर कशी येणार?"

"तेच विचारतोय त्यांना!"

पत्र असं होतं : 'महोदय, आपल्या मालिकेचा शेवट पाहून अत्यंत खेद झाला. मी शहाऐंशी वर्षांचा आहे. आपण सवडीने परत याल तेव्हा मी या जगात नसेन. तरी इन्स्पेक्टर क्लेग जिवंत आहेत की नाहीत, एवढंच उलट टपाली कळवावं. आपला नम्र, वि. ओल्ड्रॉइड.' माणूस कितीही भडकलेला असो, थॉर्नली ब्रिजमध्ये पत्राखाली 'आपला नम्र' लिहायची पद्धत आहे.

"बाबा, 'या जगात नसेन' हे काय?" हेझलने विचारलं. "तुम्हाला काय धाड भरलीय?"

"माझे आजोबा सत्त्याऐंशीला गेले. वडील सत्त्याऐंशीला गेले. दोन वर्षं म्हणजे अठ्ठ्याऐंशी. मी मरायला भीत नाही गं. पण ती बाई पाण्याखाली आणि मी मातीखाली, हे मला चालणार नाही."

मालिकावाल्यांच्या कचेरीतल्या कुणा भावनाप्रधान मुलीने ते पत्र वाचलं, ढसाढसा रडली आणि गावच्या साप्ताहिकाला कळवलं. पुढच्या मंगळवारी पहिल्या पानावर मथळा झळकला : 'मृत्युशय्येवरील विल्फ यांची अखेरची इच्छा'. अख्ख्या गावाने तो वाचला. फक्त विल्फनी वाचला नाही. चार वर्षांपूर्वी त्यांच्या बक्षीसपात्र भोपळ्याचा फोटो या साप्ताहिकाने दुसऱ्याच्या नावावर छापला होता आणि त्या दिवसापासून तो कागद घराच्या उंबरठ्याला शिवला नव्हता.

आता थॉर्नली ब्रिजची रीत अशी की अशा प्रसंगी तोंडाने काही विचारायचं नाही. तब्येतीची चौकशी करणं म्हणजे असभ्यपणा. खायला नेऊन द्यायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि निघायचं.

बुधवारी म्यूरिअल मटणाचं भांडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. "सहज जास्त झालं होतं," त्या म्हणाल्या. पन्नास वर्षांत या बाईने कधी चमचाभर साखर उसनी दिली नव्हती. विल्फनी भांडं घेतलं आणि मटण आधी मांजराला चाखवलं.

गुरुवारी चर्चचे पाद्री आले. "इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावावं." विल्फचं घर गल्लीच्या टोकाला आहे. तिथून पुढे रस्ताच नाही.

शुक्रवारी हिरवळीवर बोल्सचा, म्हणजे छोट्या पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ आपला चेंडू घरंगळत नेण्याचा खेळ होता. स्टॅन बूथ हा विल्फचा चाळीस वर्षांचा प्रतिस्पर्धी. बोटभर अंतरासाठी खिशातून टेप काढून गुडघ्यावर बसणारा माणूस. विल्फचा चेंडू हातभर लांब गेला आणि स्टॅन म्हणाला, "तुझाच गुण."

"मोज ना," विल्फ म्हणाले.

"राहू दे रे. काय करायचंय मोजून." एवढं बोलून स्टॅनने नाक पुसलं.

विल्फना घाम फुटला. मटण चालेल, पाद्री चालेल, पण स्टॅन बूथ मोजत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर आहे. आणि ते आपल्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे.

सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला त्यांनी दवाखान्यात फोन लावला. तिथे फोन लावला की 'आपण रांगेत तेविसावे आहात' असं ऐकू येतं, अर्धा तास बासरी वाजते आणि मग फोन घेणाऱ्या ग्रिमशॉबाई तीन आठवड्यांनंतरची तारीख अंगावर फेकतात. आज बासरी वाजलीच नाही.

"विल्फ ना?" ग्रिमशॉबाईंचा आवाज चक्क मऊ होता. "या ना, आत्ता या. की डॉक्टरांनाच घरी पाठवू, बाळा?"

"येतो," म्हणून विल्फनी फोन ठेवला. ग्रिमशॉबाईंनी बाळा म्हटलं! संपलं म्हणजे सगळं. पत्र लिहिताना आपण अठ्ठ्याऐंशीचा हिशेब मांडला तो लांबचा होता. इथे तर आठवडाही हाती दिसत नाही आणि उत्तर अजून आलेलं नाही. त्यांना स्वतःची जेवढी कीव आली नाही, तेवढा त्या मालिकावाल्यांचा संताप आला.

डॉक्टर ओकोरो ही तिशीतली शांत मुलगी होती. तिने छाती तपासली, डोळे तपासले, दंडाला पट्टा गुंडाळला.

"स्पष्ट सांग, पोरी," विल्फ म्हणाले. "मला काय झालंय?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होते. तुमचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा बरं आहे." आणि तिने खणातून साप्ताहिक काढून पुढे ठेवलं.

विल्फ घरी पोचले ते तणतणतच. हेझल आलेलीच होती. "मला जिवंतपणी मारलं त्यांनी! आधी भोपळा, आता मी! घे कागद, लिही, 'महोदय, आपल्या वृत्ताने अत्यंत खेद'..."

तेवढ्यात फोन वाजला. मालिकावाले होते. विल्फ यांची अखेरची इच्छा ऐकून मालिकेच्या लेखिका स्वतः परवा येऊन त्यांना शेवट सांगणार होत्या. एकट्या त्यांनाच. फोन ठेवून विल्फ कपाटातली घोंगडी शोधायला लागले.

"बाबा, त्यांना सांगून टाका, तुम्ही ठणठणीत आहात."

"खोटं कोण बोललंय? मी म्हटलं, दोन वर्षांनी नसेन. उद्या नसेन असं त्यांनी छापलं. त्यांची चूक मी का निस्तरू?"

"म्हणजे तुम्ही आजाऱ्याचं सोंग करणार?"

"सोंग कसलं? सोफ्यावर पडणार. शहाऐंशीच्या माणसाला दुपारी पडायला बंदी आहे का?"

बुधवारी इमोजेन नावाची लेखिका आली. लाल डोळे, हातात फुलं, पिशवीत एक कागद. विल्फ हनुवटीपर्यंत घोंगडी ओढून पडले होते. कागदावर लिहिलं होतं की ऐकलेला शेवट मालिका दाखवली जाईपर्यंत कुणालाही सांगणार नाही, नाहीतर कोर्टात खेचलं जाईल. विल्फनी थरथरत सही केली. थरथर अंमळ जास्तच झाली, असं हेझलला वाटलं.

"त्या जगतात, मिस्टर ओल्ड्रॉइड," इमोजेन त्यांचा हात धरून म्हणाली. "क्लेगबाई जिवंत आहेत."

विल्फनी डोळे मिटले. छातीवरचा धोंडा उतरला. मग एक डोळा उघडला. "कशा?"

"अं?"

"कशा बाहेर आल्या? दार उघडत नाही. बाहेरून पाण्याचा दाब असतो."

"त्या... पोहत आल्या."

"दारातून?"

इमोजेनने बापलेकीकडे आळीपाळीने पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "मला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही. साहेब म्हणाले, आधी बुडव, पुढचं पुढे बघू. पंधरा दिवस झोप नाही मला. म्हटलं, निदान तुम्ही तरी समाधानाने..."

"माहीत नाही?" घोंगडी जमिनीवर पडली. "पंधरा दिवस एक बाई पाण्यात ठेवलीस आणि तुला माहीत नाही? मी चाळीस वर्षं बस आगारात इंजिनं उघडलीत. नदीत गेलेल्या दोन बस वर काढल्यात. ऊठ! ही खुर्ची घे, ही गाडी समज."

"पण तुम्ही तर मरणार..."

"नंतर! गाडी नाकावर बुडते, म्हणजे हवा कुठे जाते? मागे! म्हणून बाई आधी मागच्या सीटवर जाणार. डोकं टेकायची उशी उपटणार. तिला दोन लोखंडी दांड्या असतात. त्या काचेच्या कोपऱ्यात घालायच्या, मध्ये नाही, कोपऱ्यात, आणि हाण!"

हाणताना चहाचा कप गेला. मग क्लेगबाई बाहेर कशा निघाल्या ते दाखवायला विल्फ सोफ्याच्या पाठीवर चढले आणि पलीकडे उतरले. इमोजेन भराभर लिहून घेत होती. तिच्या गालावर पंधरा दिवसांत पहिल्यांदा रंग आला होता.

"हेच!" ती म्हणाली. "अगदी हेच करते मी. फक्त आता तुम्ही हे कुणाला सांगायचं नाही हं. सही केलीय तुम्ही."

"माझंच डोकं आणि मलाच बंदी?"

"कागदात तसंच आहे," इमोजेन म्हणाली, त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि गाडी पकडायला पळाली.

ती गेली आणि दारावर थाप पडली. म्यूरिअल उभ्या होत्या, हातात तांदळाच्या खिरीचं भांडं. खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"धडधाकट आहेस तू!"

"आहे."

"माझं मटण खाल्लंस!"

"मीठ कमी होतं."

"अरे मेल्या, मी तुझ्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली! स्टॅनने तुझ्या श्रद्धांजलीचं भाषण पाठ केलंय!" दम लागून त्या चौकटीला टेकल्या. "ते जाऊ दे. ती लेखिका होती ना? मग? जिवंत आहे का ती?"

"सही केलीय मी, म्यूरिअल. कुणाला सांगता येत नाही. दोन वर्षं थांब."

म्यूरिअलनी खिरीचं भांडं पायरीवर ठेवलं. "विल्फ," त्या म्हणाल्या, "मी एक्क्याण्णव वर्षांची आहे."

त्यात तक्रार नव्हती. बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं त्या म्हणाल्या होत्या. विल्फना एकदम शरम वाटली. आपण लंडनला एवढं पत्र खरडून जे मागितलं, तेच ही बाई दारात उभी राहून मागत होती. त्यांनी खिरीचं भांडं उचललं आणि दार पूर्ण उघडलं.

"बाबा!" हेझल आतून ओरडली. "सही केलीय तुम्ही! कोर्टात खेचतील!"

"खेचू देत! तारीख लागेपर्यंत मी कुठला असायला?" विल्फनी खुर्ची पुढे ओढली. "बस, म्यूरिअल. ही गाडी. पाणी गुडघ्यापर्यंत आलंय. पहिल्यांदा काय करशील?"

"तुला शिव्या देईन," म्यूरिअल म्हणाल्या आणि पदर खोचावा तशी कोटाची बटणं आवळून खुर्चीत बसल्या.