आमच्या बर्चचे खतपत्रक

बोईसर पश्चिमेच्या नीलसागर सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या विशेष सर्वसाधारण सभेत, आवारात एक शोभेचा बर्च वृक्ष लावावा व त्याला वर्षभर शास्त्रोक्त खत घालावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. नीलसागरमधून सागर दिसत नाही आणि कारखान्यांकडून वारा सुटला की आभाळही निळे राहत नाही. पण ठराव देखणा होता. तो मी लिहिला होता. मी संस्थेचा सचिव.

कल्पना अध्यक्ष रामकिसन गव्हाणे यांची. ते मूळचे जालन्याचे, कारखान्यातून निवृत्त. मुलगा अक्षय कॅनडात असतो. त्याच्याकडे सहा महिने राहून परतल्यापासून त्यांना बोईसरच्या प्रत्येक झाडात काही ना काही खोट दिसू लागली होती. "बर्च म्हणजे आपलं भूर्जाचं झाड," ते सभेत म्हणाले, "ऋषिमुनींनी याच्या सालीवर ग्रंथ लिहिले. पांढरीशुभ्र साल. शेजारच्या सोसायटीत काय आहे? क्रोटन!" क्रोटनचे नाव निघताच विरोधकांनीही हात वर केले.

झाड हिमाचलातून आले आणि त्याचे खतपत्रक कॅनडातून आले. चार ऋतू, चार रकाने. ते पत्रक खजिनदार प्रतीक्षा नलावडे यांच्या हाती पडले आणि आमचे नशीब ठरून गेले. प्रतीक्षाताई औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत. त्या विभागाचा एक धर्म असतो: जे लिहिले नाही ते घडले नाही, आणि जे लिहिले ते घडलेच. त्यांनी झाडाला बॅच नंबर दिला, नोंदवही उघडली आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तीन सह्यांची जागा आखली.

प्रत्यक्ष खत घालणार होत्या जमुनाबाई. नवापूरच्या कोळीवाड्यातल्या. नवऱ्याची होडी विकल्यापासून त्या आमच्याकडे हंगामी माळीण होत्या. पंपाच्या खोलीला लागून एक रिकामी खोली आहे, ती त्यांना हवी होती. मुलगी जागृती बोईसरला नर्सिंग शिकते आणि नवापूरहून पहाटेची बस चुकली की तिची हजेरी जाते, एवढी साधी गरज. समितीने ती सहानुभूतीपूर्वक विचारात घेतली आणि ठरवले, की बर्चने चारही ऋतू पार करून पुन्हा वसंत पाहिला की जमुनाबाई कायम, आणि खोली त्यांची.

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो.

"झाड लावायच्या आधी मला इचारलं आसतं तर बरं झालं आसतं," जमुनाबाई म्हणाल्या. ही सूचना उशिरा आल्यामुळे तिची नोंद घेता आली नाही.

पहिली अडचण फेब्रुवारीत आली. पत्रकात लिहिले होते: 'वसंतातील पहिली मात्रा जमिनीवरचा बर्फ पूर्ण वितळल्यावर, कळ्या फुटण्यापूर्वी द्यावी.' अध्यक्षांनी खिडकीतून बाहेर पाहिले. बर्फ नव्हता. "म्हणजे वितळला," मी म्हणालो.

"वितळलेला कोणी पाहिला?" प्रतीक्षाताईंनी विचारले. "निरीक्षण नाही तर नोंद नाही. नोंद नाही तर खत नाही."

तीन बैठका झाल्या. शेवटी जमुनाबाईच म्हणाल्या, "आमच्याकडं मासळीला बर्फ लागतो. कारखाना हाय. दोन लाद्या सांगू काय?"

लाद्या टेम्पोतून आल्या. झाडाच्या आळ्यात रीतसर फोडून पसरल्या, पंचनामा झाला आणि बर्फ सकाळी दहा चाळीसला पूर्ण वितळल्याची नोंद तीन सह्यांनिशी झाली. बर्फाला बोंबलाचा वास होता, त्यामुळे समारंभाला सोसायटीतली सगळी मांजरे उपस्थित राहिली. मग खत पडले. मार्चमध्ये झाडाला नाजूक, कंगोरेदार पाने आली आणि शेजारच्या सोसायटीचे अध्यक्ष कुंपणापाशी येऊन उगीचच मोबाईलवर बोलत उभे राहू लागले. ते पंधरा दिवस आम्ही खरोखर सुखात होतो.

एप्रिलमध्ये पाने कडेने करपली. जमुनाबाईंनी नारळाच्या चार झावळ्या आणून झाडावर सावली केली आणि बुंध्याशी गवत पसरले. झावळ्यांचा उल्लेख पत्रकात नव्हता. प्रतीक्षाताईंनी डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याची लेखी नोंद, काढले आणि झावळ्या उतरवल्या.

"ताई, त्याला खत नको. मुळांना चटका बसतोय. आपल्याला ऊन सोसत नाय, ते तर थंडीतलं झाड," जमुनाबाई कळवळून म्हणाल्या.

"पत्रकात उन्हाळ्याची अर्धी मात्रा आहे, जमुनाबाई. ती द्या आणि इथे सही करा."

अर्धी मात्रा दिली. मे महिन्याच्या नऊ तारखेला झाडाची सगळी पाने गळून पडली.

कोणत्याही अडाणी संस्थेने यावर हळहळ केली असती. आम्ही पत्रक पाहिले. 'पानगळ सुरू होताच शरदाची मात्रा द्यावी.' पानगळ तर डोळ्यांसमोर झाली होती. समितीने तातडीची बैठक घेऊन नऊ मेपासून शरद ऋतू लागू केला. तसे परिपत्रक लिफ्टमध्ये लावले. त्या दिवशी पारा अडतीसवर होता आणि परिपत्रक वाचणाऱ्यांच्या घामाने त्याची शाई फुटली, पण हरकत एकाही सभासदाने घेतली नाही.

शरदानंतर काय? शिशिर. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला तेव्हा आम्ही शिशिरात होतो. पत्रकात पावसाळा नावाचा ऋतूच नव्हता, त्यामुळे आळ्यात साचलेल्या गुडघाभर पाण्याला कोणत्या रकान्यात बसवायचे, हा प्रश्न उरला. जमुनाबाईंनी चर खणायची परवानगी मागितली. ती अक्षयकडे कॅनडाला पाठवली. शिशिराच्या रकान्यात मात्र स्पष्ट लिहिले होते: 'झाड निद्रिस्त असते. खत देऊ नये. त्रास देऊ नये. निर्जीव दिसल्यास गैरसमज करून घेऊ नये.'

हे शेवटचे वाक्य आमचा फार मोठा आधार ठरले. झाडाभोवती दोरी बांधली, 'शांतता राखा, वृक्ष झोपला आहे' अशी पाटी लावली. मुलांचे क्रिकेट बंद केले. गणपतीची आरती हळू आवाजात झाली, झांजा तर वाजवल्याच नाहीत. बुंधा काळा पडू लागला होता. त्यावर चुना मारला आणि खाली गेरूचा पट्टा ओढला, त्यामुळे साल पूर्वीपेक्षाही शुभ्र दिसू लागली.

गणपती गेल्यावर जमुनाबाई माझ्याकडे आल्या. त्यांनी नखाने साल खरवडून पाहिली होती.

"सायेब, आत हिरवं काय नाय. झाड मेलंय."

मला त्या बाईचा त्या क्षणी रागच आला. झाड मेले तर खोली कोणाची गेली असती? त्यांचीच. आणि तरी हे येऊन सांगायचे!

"जमुनाबाई, झोपलंय ते."

"मी मेलेली मासळी वळखते, मेलेलं झाड नाय वळखणार?"

मी हे अध्यक्षांच्या कानावर घातले. घालायला नको होते. तिसऱ्या दिवशी जमुनाबाईंना नोटीस निघाली: 'निद्रिस्त वृक्षास मृत संबोधून सभासदांत घबराट पसरवल्याबद्दल, तसेच सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना नख वापरल्याबद्दल आपणाकडून खुलासा मागविण्यात येत आहे.' मसुदा माझाच. त्यातले 'नख' हे कलम लिहिताना मला थोडी लाज वाटली होती, पण वाक्य जमून आले होते.

जमुनाबाईंनी नोटीस घडी घालून कमरेला खोचली. "खरं सांगितलं, तेवा नोटीस मिळाली," एवढेच म्हणाल्या. "आता खोली कवा, तेवढं सांगा."

"वसंतात. कळ्या फुटल्या की."

"फुटतील," त्या म्हणाल्या.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, सगळी सोसायटी जेवून आडवी झालेली असताना, मी गॅलरीत सुपारी कातरत होतो. खाली जमुनाबाई आणि त्यांची जाऊ हंसा एक हातगाडी ढकलत आल्या. गाडीवर मनगटाएवढा जाड, बिनपानांचा एक खुंट होता. त्यांनी दोरी बाजूला केली, आळ्यातले जुने लाकूड ओढले तर ते मुळ्याच्या जुडीसारखे अलगद हाती आले. खुंट त्या जागी रोवला, वर चुना, खाली गेरू. जाताना जमुनाबाईंनी आळ्यात सुक्या मासळीचा चुरा ओंजळभर टाकला आणि वर पाहिले. आमची नजरानजर झाली. मी सुपारी तोंडात टाकली आणि घरात गेलो.

दिवाळीच्या तोंडावर खुंटाला पोपटी कोंब फुटले.

फटाके वाजले सोसायटीत! अध्यक्षांनी अक्षयला व्हिडिओ कॉल लावून कोंब दाखवले. शिशिर संपला, वसंत लागू झाला. बर्फाच्या दोन लाद्या आल्या, वितळल्या, सह्या झाल्या. प्रतीक्षाताईंनी नोंद केली: 'पाने पूर्वीपेक्षा लहान व गोल. हवामानाशी जुळवून घेतल्याचे दिसते. आळ्यास किंचित सागरी गंध.' जमुनाबाई कायम झाल्या. भाऊबीजेला जागृती आपल्या पुस्तकांसकट पंपाशेजारच्या खोलीत राहायला आली. मी बाकी काय वाटेल ते बोलेन, पण त्या दिवशी मला बरे वाटले.

जानेवारीत तालुक्याच्या सोसायटी-बागांच्या स्पर्धेत आमच्या बर्चला पारितोषिक मिळाले आणि फेब्रुवारीत त्याला मोहर आला. मार्चच्या शेवटी शेंगा लागल्या. लांब, हिरव्या, तीनधारी, हातहात लांबीच्या, झुबक्या-झुबक्यांनी.

ही वेळ मोठी कसोटीची होती. जालन्यात, साताऱ्यात, नवापुरात, महाराष्ट्रात कुठेही जन्मलेल्या माणसाला शेवग्याची शेंग कळते. अध्यक्षांनी बैठक बोलावली. अजेंडा एकच: बर्चला लागलेल्या शेंगांबाबत विचारविनिमय. सगळे जमले. शेंगा टेबलावर ठेवल्या होत्या.

"हे काय आहे, यावर ज्यांना मत मांडायचं असेल त्यांनी मांडावं," अध्यक्ष म्हणाले आणि घाम पुसला. "मात्र हा बर्च नाही असं ठरलं, तर वर्षभराच्या नोंदी खोट्या ठरतात. स्पर्धेतलं पारितोषिक परत करावं लागेल. जमुनाबाईंच्या खोलीचा ठरावही रद्द होईल."

जमुनाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी आमच्या एकेकाकडे पाहिले. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

मग प्रतीक्षाताईंनी एक शेंग उचलली, वाकवून पाहिली, मोडून पाहिली, वास घेतला. "कोवळी आहे," त्या शांतपणे म्हणाल्या, "जून व्हायच्या आत उतरवायला हव्यात. प्रत्येक फ्लॅटला किती येतील?"

सहा आल्या. संध्याकाळी जिन्यात आमटीचा असा घमघमाट सुटला की शेजारच्या सोसायटीने त्याच आठवड्यात बर्चची मागणी नोंदवली. तालुक्यातल्या आणखी चार सोसायट्यांनी आमच्याकडे पत्रक मागितले आहे. ते मी माझ्या सहीने पाठवतो, जमुनाबाई सोबत खुंट पाठवतात.

आणि तुम्ही, इथवर वाचत आलेले शहाणे गृहस्थ, मघापासून आम्हाला हसताय. हसा. तुम्ही त्या बैठकीत असतात तर उठून खरे बोलला असतात, नाही का? वाटणीत तुमच्या नावाच्याही सहा शेंगा ठेवल्या होत्या. दुपारी कोणीतरी येऊन घेऊन गेले, वहीत सही आहे. अक्षर ओळखीचे वाटते का, एकदा बघून जा.