साधुवाण्याचा वकील

सत्यनारायणाच्या कथेत मध्येच हात वर करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या पातूरच्या गल्लीत एक आहे. सुखदेवभाऊ. महाराज पोथी वाचत असतात, बायका पदर सावरून बसलेल्या असतात, आणि दारातून आवाज येतो, "थांबा महाराज. हे मले पटलं नाई."

सुखदेवभाऊ माळी. गावाबाहेर त्यांचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा आहे. कोणाकडे पूजा निघाली की हार, तुळस, केळीचे खुंट तेच आणून देतात. सामान पोचवून घरी जावं, तर नाही. दाराशी उकिडवे बसतात आणि देवावर खटला चालवतात. कोणाला शिक्षा झाली, कशासाठी झाली, तेवढी व्हायला पाहिजे होती का. म्हणून गावानं त्यांना साधुवाण्याचा वकील म्हणायला सुरुवात केली. त्यांना राग येत नाही. "कोणीतरी पाह्यजे ना त्याच्या बाजूनं," म्हणतात.

मी चौथी शिकलेली बाई. मला शास्त्र कळत नाही. पण माणूस बरोबर बोलतो की उगाच, एवढं कळतं. सुखदेवभाऊ निम्मं उगाच बोलतात.

आता हेच पाहा. कथेतला साधुवाणी देवाशी खोटं बोलतो, माझ्या नावेत धन नाही, नुसती पानं आणि वेली आहेत. देव म्हणतो, तसंच होवो. नाव पानावेलींनी भरते आणि वाणी चक्कर येऊन पडतो. इथे सुखदेवभाऊंचा हात वर.

"याच्यात शिक्षा कोणती झाली महाराज? नावभर पानं म्हणजे माल हाय. अकोल्याच्या मंडईत सकाळी सकाळी उतरवाचा. पडला काहून हा?"

आमचे महाराज म्हातारे आणि सोशिक. चष्मा काढून म्हणतात, "सुखदेव, तो वाणी होता. माळी नव्हता."

"मंग त्याले वर्षभर मळ्यात पाठवाचं होतं. सुधारला असता. देवाले शिक्षा देता येत नाई, हेच तर म्हणून राहिलो मी."

बायका पदराआड हसतात. घरमालक घड्याळ पाहतो.

पुढे कलावतीचा भाग येतो तेव्हा मात्र त्यांची थट्टा संपते. कलावती ही वाण्याची मुलगी. नवरा परदेशातून आला हे ऐकून ती पूजेचा प्रसाद न घेताच नदीकडे पळते. देव रागावतो आणि तिच्या नवऱ्याला नावेसकट गडप करतो. ती घरी परत येऊन प्रसाद खाते, तेव्हा नवरा दिसतो. इथे सुखदेवभाऊ हात वर करत नाहीत, उभेच राहतात.

"गुन्हा काय तिचा?"

"प्रसाद टाकून गेली," महाराज म्हणतात.

"नवरा आला हे ऐकूनबी ते शिरा खात बसली असती, तर तुमीच म्हणले असते, कशी बाई हाय. गेली तरी पाप, बसली तरी पाप. तिनं कराव काय?"

"अरे, दिला ना देवानं नवरा परत."

"दिला. पण तोवर ते काठावर लोळली, जीव द्याले निघाली. थे रडणं कोणी वापस घेतलं?"

"देव आठवण करून देतो बाबा."

"आठवण द्याची तर हाक माराव. माणूस कायले बुडवाचा?"

यावर महाराज पान उलटतात.

अमरावतीहून आलेल्या एका जावयानं त्यांना विचारलं होतं, "तुम्ही प्रसाद तरी घेता की नाही?" सुखदेवभाऊंनी दुसरा द्रोण पुढे केला. "भांडण देवाशी हाय, शिऱ्याशी नाई."

पण त्यांची एक खोड मला कधी जुळवता आली नव्हती. पूजा आटोपल्यावर कोणी प्रसाद न घेता निघालं, की हे द्रोण घेऊन मागे पळतात. एकदा स्कूटर सुरू केलेल्या माणसाला गल्लीच्या तोंडाशी अडवून त्याच्या तोंडात शिरा घातला. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचा तर त्या शिक्षेवर विश्वास नाही. मग पळता कशाला?"

"माहा नाई वयनी. लोकायचा हाय."

लोकांचा होता, हे खरं. त्यांची धाकटी बहीण शांता अशीच एकदा कथेत बसली होती. मध्येच निरोप आला, तिच्या नवऱ्याची जीप धारणीच्या रस्त्यावर उलटली. ती तशीच धावली. नवरा गेला. तेराव्याच्या आतच बायका बोलायला लागल्या, प्रसाद न घेता उठली, मग होणारच. जीप सकाळी उलटली होती आणि कथा दुपारची, हे सुखदेवभाऊंनी दारोदार जाऊन सांगितलं. कोणी ऐकलं नाही. शांता भावाकडे राहायला आली. पूजेचे हार तीच ओवते, पण पूजेला पाऊल टाकत नाही.

यंदा माझ्या नातवानं वर दोन खोल्या बांधल्या आणि पूजा ठरली. मी शांताकडे गेले. म्हटलं, तू यायचं.

"नाई वयनी. तुमच्या घरात काई झालं तर मले नको."

"माझ्या घरात काय व्हायचं ते मी पाहीन. तू साडी बदल."

आली. भावाशेजारी, दाराशी बसली. वाण्याच्या नावेत पानं भरली, वाणी पडला, तरी वकील गप्प. मग कलावतीचं नाव आलं. शांता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

सुखदेवभाऊ उठले. सरळ चौरंगापाशी गेले आणि शिऱ्याच्या पातेल्यात डाव घातला.

माझी सून ओरडली, "अहो काका, नैवेद्य दाखवायचा आहे अजून."

त्यांनी तो शिरा शांताच्या तळहातावर ठेवला. "खाय."

शांता महाराजांकडे पाहायला लागली. सगळ्याच पाहायला लागल्या. महाराजांनी चष्मा काढला, पुसला.

"खाऊन घे पोरी," ते म्हणाले. "कलावतीनंबी शेवटी खाल्लाच."

तिनं खाल्ला. सुखदेवभाऊ दाराशी जाऊन बसले. "वाचा आता महाराज. पाहू देव कोणाले बुडवते."

महाराजांनी वाचलं. नवरा बुडाला, नवरा परत आला. शांता आरती होईपर्यंत बसून होती. वकिलानं त्या दिवशी हात वर केला नाही. फक्त टोपलीत उरलेलं एकेक झेंडूचं फूल घेऊन ते कुस्करत बसले, खाली मान घालून. दाराशी पाकळ्यांचा ढीग झाला. तो मीच झाडला.