मुका पाना

गजभियेकाका पाना विकत घेण्याआधी त्याला बोलायला लावतात. बोटाला दोरा गुंडाळायचा, दोऱ्याला पाना टांगायचा, दुसऱ्या पान्याने त्याला हलकेच ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. खणखणीत वाजला तर तो 'बोलका', थड्ड वाजला तर 'मुका'. बर्डीच्या बाजारात, भर रस्त्यात, मागे ऑटोवाले हॉर्न देऊन देऊन थकले तरी हा सत्तरीचा माणूस डोळे मिटून पाने ऐकत असतो. एकदा मी सोबत होते. मला घ्यायची होती बादली, आणि यांची मैफल काही संपेना. शेवटी ठेलेवाला वैतागला.

"चाचा, लेना है कि बजाना है?"

"लेनाच है," काका म्हणाले. "पर तेरा सब माल मुका है रे."

आणि त्याच मुक्या पान्यांतले मूठभर उचलून त्यांनी पिशवीत टाकले. मी तोंड वासून पाहत राहिले. मुके आहेत तर घेता कशाला बाप्पा? पण काकांना भर बाजारात काही विचारायची सोय नाही, ते तिथेच व्याख्यान सुरू करतात.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होते. रिटायर झाले आणि आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, आमच्या अगदी समोर घर बांधून राहिले. काकू होत्या तोवर त्या घरातून बोलण्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा, आणि त्यातला बहुतेक काकूंचा. काकू गेल्या. मुलगा हैदराबादला, सणासुदीला येतो. तेव्हापासून काका गेटपाशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारतात, "काही ढिलं-बिलं झालं का गा घरी?"

एकट्या माणसाला बोलायला कोणीतरी लागतं, हे कळायला काही फार अक्कल लागत नाही. पण काका कोणाला सरळ "या, बसा" म्हणणार नाहीत. कशाचा ताठा होता देव जाणे. त्यांच्याकडे जायचं तर काहीतरी ढिलं झालेलंच पाहिजे.

स्वस्त काय घ्यावं आणि महाग काय घ्यावं, यावर काकांचा अभ्यास दांडगा. त्यांचा नियम असा: "मोडल्यावर हसू येईन ते सस्तं घ्या. मोडल्यावर रक्त येईन ते महाग घ्या." म्हणजे रंगाचा ब्रश, घमेलं, मेजर टेप, वर्षातून एकदा लागणारी कसलीही किल्ली, हे सगळं खुशाल ठेल्यावरचं घ्यावं. पण पक्कड, टेस्टर, शिडी आणि हातोडी यांत कंजुशी करायची नाही. "हातोडीचं डोकं उडालं का ते पहिले माणसाचं डोकं पाह्यते," असं ते गंभीरपणे सांगतात. दुसरा नियम: एखादी वस्तू लागेल की नाही ठाऊक नसेल, तर आधी स्वस्तातली आणावी. "वापरून वापरून मोडली, तर तुले तिचं काम आहे, मंग चांगली घे. पडून राहिली, तर समज तुले लागतच नव्हती." खोटं कशाला बोलू, या नियमाने माझे मिक्सरपासून शिलाई मशीनपर्यंत बरेच घोळ वाचले आहेत.

आमचे हे मात्र ऐकणाऱ्यांतले नाहीत. सेलमध्ये प्लॅस्टिकच्या ब्रीफकेसमधला अवजारांचा अख्खा संच घेऊन आले. सूट काय, फुकट पेचकस काय, नुसता आनंदीआनंद. दाखवायला काकांकडे नेला. काकांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि हळूच बंद केलं.

"ह्यातले तुम्ही चारच वापरसान साहेब," ते म्हणाले, "अन् तेच चार पहिले मोडतीन."

दिवाळीपर्यंत चारही मोडले. बाकीचे आजही कोरे करकरीत आहेत, आणि आमचे हे तो विषय काढू देत नाहीत.

आता एवढं सगळं ज्ञान असलेल्या माणसाने शेजाऱ्याला पाना उसना देताना कसला द्यावा? काकांकडे लोखंडी पेटी आहे. तिच्यात खापरखेड्याच्या काळातले एकाहून एक बोलके पाने, आणि तिला कुलूप. बाहेर व्हरांड्यात एक निळा टब, त्यात बर्डीवरचा सगळा मुका माल. मागणाऱ्याला मिळायचं ते टबातलं! पेचकस नेला की पहिल्याच स्क्रूवर त्याचं तोंड फिरायचं. परत या, दुसरा न्या. तो वाकायचा. पुन्हा या. उन्हाळ्याच्या तोंडावर सगळं लेआउट माळ्यावरून कूलर काढतं, स्टँड कसतं, त्याच्या जाळ्यांतलं गवत बदलतं, पंप लावतं. त्या दिवसांत काकांच्या गेटवर नुसती रांग लागायची. आमचे हे एक नट कसायला सकाळी गेले की जेवायच्या वेळेला परत. मधल्या वेळात काकांच्या ओट्यावर बसून कोणता बॉयलर कधी बंद पडला होता त्याची कथा ऐकून यायचे.

मला या प्रकाराचा भारी संताप यायचा. लोक तर चक्क म्हणायचे, म्हातारा चिक्कू आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण पुरतं चिक्कूही म्हणता येईना. कारण रक्त येण्यातली वस्तू मागितली की काका टबाकडे बघायचेही नाहीत. शिडी हवी असेल तर आपली दणकट शिडी खांद्यावर घेऊन स्वतः यायचे आणि माणूस खाली उतरेपर्यंत दोन्ही हातांनी धरून उभे राहायचे. कूलरला कोणी हात लावायच्या आधी स्वतःचा टेस्टर घेऊन हजर. "सरक, मले पाहू दे पहिले," म्हणून आमच्या ह्यांना मागे लोटायचे.

यंदा मात्र गंमत झाली. गंमत कसली! एकेका घरी एसी बसला. समोरच्या ओळीत बसला, मागच्या ओळीत बसला, आणि मार्चमध्ये जावयाने हट्टाने आमच्याकडेही बसवला. बसवायला दोन माणसं आली, त्यांचं सामान त्यांच्याजवळ. खांद्यावर शिडी घेऊन काका आलेच. ती माणसं म्हणाली, "बाबूजी, अपने पास है." काकांनी शिडी भिंतीला टेकवली आणि बाजूला उभे राहिले. भोकं पडली, पाइप बसला, माणसं गेलीसुद्धा. "चांगला बसवला," असं म्हणून काका शिडी उचलून घरी गेले. मला कसंतरीच झालं, पण घरात थंडगार वाटत होतं, खोटं नाही बोलत.

त्यानंतर बरेच दिवस गेटपाशी खुर्ची दिसली नाही. एका संध्याकाळी माझा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. हे म्हणाले, प्लंबरला फोन करतो. मी म्हटलं, थांबा, आणि सरळ समोर गेले.

काका आतच होते. खुशीत उठतील असं मला वाटलं होतं. पण ते टबाकडे वळलेच नाहीत. कमरेची किल्ली काढली, लोखंडी पेटी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेला जडशीळ पाना माझ्या हातात ठेवला.

"घेऊन जा. तुझ्याकडेच ठेव."

मी तो परत पुढे केला. "काहून काका? हा तर तुमचा खापरखेड्याचा."

"मंग काय करू त्याले ठेवून?" ते म्हणाले. "बोलका पाना नेला का माणूस काम करून मोकळा होते वं. वापस कराले एकदा येते, नाहीतर पोराच्या हाती पाठवते. मुका नेला का तोंड फिरते. मंग माणूस चिडून येते. दुसरा नेते. तोही वाकते, मंग अजून येते. चिडलेला असला तरी चालते मले, येते तर! तुझी काकू गेली तवापासून ह्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज मी असाच आणला. आता कोणी नेतच नाही. तूच सांग, मुका काय अन् बोलका काय?"

मला रडू येऊ लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी त्यांच्यावरच ओरडले, "ठेवा तुमचा तुमच्याजवळ! मले टबातलाच पायजे!" आणि टब उपसून त्यातला सगळ्यात भिकार पाना शोधून घेऊन आले.

घरी येऊन नटाला लावला. एका दमात नट घट्ट. पाणी थांबलं. मेला तो पाना वाकेना की फिरेना! इतके मुके पाने मोडले या घरात, आणि आजच याला टिकायचं होतं. मी तो पायरीवर आपटूनही पाहिला. ढिम्म.

तसाच धडधाकट पाना घेऊन मी परत समोर गेले.

"मोडला?" काकांनी मान वर करून विचारलं.

"नाही. झाला नळ घट्ट."

"झाला?" त्यांचा चेहरा उतरला. पाना घेऊन त्यांनी टबात टाकला. मी जागची हलले नाही. "अजून काही पायजे का?"

"नाही."

"मंग काहून थांबली?"

"बसाले आली, काका. असंच."

ते लगबगीने आत गेले. मीही मागोमाग गेले. घरातल्या दुसऱ्या खुर्चीवर तारांची भेंडोळी, जुने नट, खोकी असं कायकाय रचलेलं होतं. ते सगळं त्यांनी खाली ठेवलं, गळ्यातल्या दुपट्ट्याने खुर्ची पुसली, परत पुसली. मी बसले. ते गॅसपाशी गेले, भांडं चढवलं, साखरेचा डबा हातात घेतला आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"साखर किती टाकू वं पोरी?" त्यांनी विचारलं. "दुसऱ्यासाठी चहा मांडून लय दिवस झाले."